मास्तरांकडे राहिलेली प्रत

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिन्याखाली, मास्तरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, तीन स्टुलं, एक कपाट आणि उठताना हमखास डोक्याला लागणारा जिना. तंत्रशाळेतून निवृत्त झाल्यावर ते इथे बसले. प्रत्येक मशीनचे स्क्रू ते औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवतात आणि वर गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता त्याची करणी लिहितात: ‘चहा सांडणारे वकील’, ‘पंख्यात मुंगळे’.

मशीन उघडण्याआधी ते डिस्कची प्रत काढतात, पाकिटात घालून चिकटवतात आणि काम झाल्यावर गिऱ्हाइकाला बसवून त्याच्या डोळ्यांसमोर पुसतात. ही रीत त्यांना महागात शिकायला मिळाली. घरच्या मशीनवर जागा करायला म्हणून त्यांनी एकदा डिस्कचा भलताच भाग साफ केला. त्यात त्यांच्या गेलेल्या बायकोचा आवाज होता.

“काही विशेष नव्हतं हो ताई,” ते म्हणाले होते. “किराणा सांगत होती. तेल, साबण, आणि मिळालं तर तुम्हाला थोडं डोकं.”

माझी थोरली लेक गेली त्याला तीन वर्षं झाली. सकाळी घाईत कॉम्प्युटरवर माझ्यासाठी दोन ओळी लिहून ती बाहेर पडली आणि रस्त्यातच अपघातात गेली. महिन्याभरात ते मशीन बंद पडलं. मास्तरांनी ते सुरू करून दिलं. प्रत पुसायला मात्र मी गेले नाही. तेव्हा काहीही पुसलेलं मला बघवत नसे.

आता ते मशीन धाकटीला कॉलेजसाठी हवं होतं. तिचा हात चुकून थोरलीच्या फोल्डरला लागेल, ही धास्ती मला होतीच. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या दोन ओळींच्या फाइलची तारीख बदलत होती. शेवटचा बदल गेल्या मंगळवारी, दुपारी सव्वातीनला.

“मी त्या फोल्डरकडे बघतसुद्धा नाही, आई,” धाकटी म्हणाली. “मला भीती वाटते.”

मला वाटत नव्हती. मी दुपारी मशीन चालू ठेवायला लागले होते. खुर्ची थोडी मागे ओढून ठेवायची, थोरलीला बसता यावं म्हणून. संध्याकाळी खुर्ची पुढे सरकलेली दिसली की रात्र बरी जायची.

शेवटी धाकटीनेच मशीन उचललं आणि मला मास्तरांकडे नेलं.

“डिस्कचा तेवढा भाग वेगळा करतो,” ते म्हणाले. “वाचता येईल, लिहिता येणार नाही. कुणालाच.”

“कुणालाच?” मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग जुन्या तारखा काढून बघितल्या. दोन सोडून सगळ्या दुपारच्या.

“दुपारी घरी कोण असतं?”

“मीच. पण मी गोळी घेऊन झोपलेली असते.”

मास्तर उठले. कपाटाच्या मागून एक पाकीट काढलं. वर लिहिलं होतं, ‘ताई. पुसायचं राहिलं’. ती प्रत त्यांनी जोडली आणि दोन्हीकडची चिठ्ठी शेजारी शेजारी उघडली.

आमच्या मशीनवर होतं: आई, मैत्रिणीकडे जातेय. वाट बघ.

पाकिटातल्या प्रतीत होतं: आई, मैत्रिणीकडे जातेय. वाट बघू नको.

मी धाकटीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

“तुला माहीत होतं?”

“दोनदा मी परत नीट केलं, आई. तू झोपेतच उठून पुन्हा बदललंस. मग म्हटलं, असू दे.”

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं. तेवढा वेळ मास्तर थांबले.

“यातलं कुठलं कायम ठेवून कुलूपबंद करू, ताई?”

मी पडद्यावरचं दोन्हीकडचं पुन्हा वाचलं. आपलं वाक्य थोरलीच्या तोंडी घालून मी तीन वर्षं खुर्ची मागे ओढत होते.

“तिने लिहिलेलं,” मी म्हणाले.

अर्ध्या तासात त्यांचं काम झालं. मग उठून त्यांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं.

“आता खोडून बघा. माझ्यावर विश्वास ठेवून घरी जायचं नाही.”

मी ‘नको’ खोडलं. ‘बघू’चं ‘बघ’ केलं. बोटं अडखळली नाहीत. सेव्ह म्हटलं तर मशीनने नकार दिला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नकार. मी फाइल बंद केली आणि परत उघडली.

वाट बघू नको.

पाकिटातली प्रत मास्तरांनी माझ्यासमोर पुसली. या खेपेला मी बघितलं.

घरी येऊन खुर्ची टेबलाला लावली आणि गोळ्या धाकटीच्या हवाली केल्या. हे लिहिताना ती शेजारच्या खोलीत झोपली आहे. मधूनमधून उठून बघते, मी जागेवर आहे ना.