डोळे शोधणारा कॅमेरा

बोर्ली पंचतनला आमचा फोटो स्टुडिओ. लग्नांचा सीझन संपला की चहाला बसायचं आणि कुठे काय घडलं ते उगाळायचं. ऐकणाऱ्यांना हसू येतं. माझं डोकं तापतं!

*

माझा पार्टनर मिलिंद. त्याने नवा कॅमेरा घेतला. "ताई, हाताने फोकस करायचे दिवस गेले. हा स्वतः डोळे शोधतो!"

पहिल्याच लग्नात अंतरपाट दूर झाला, नवरीने मान वर केली आणि कॅमेऱ्याने शोधल्या मुंडावळ्या! चेहरा धूसर.

मी ओरडले, तर मिलिंद म्हणतो, "पण मोती बघा ना, काय शार्प आलेत!"

*

किनाऱ्यावर प्री-वेडिंग होतं. जोडपं हात धरून उभं, मागे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर. ऑटोफोकसला भाऊच आवडले! जोडप्याने फोटो परत केले. भाऊंची माणसं मात्र स्टुडिओत हजर. "मोठी प्रिंट काढा!"

*

अलिबागच्या एका लग्नात एक पाहुणे, गळ्यात महागडा कॅमेरा. मला म्हणाले, "मॅडम, ऑटोवर टाका. बायकांना सोपं पडतं."

तासाभराने तेच आले. "माझे सगळे धूसर येतायत. बिघडला बहुतेक."

लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर होतं. मी ते सरकवलं. "घ्या काका. पुरुषांनाही सोपं पडतं!"

*

माझंही सांगते, नाहीतर मिलिंद सांगेल. एका हळदीला मी जुना चष्मा घालून गेले. फोकस हाताने, सगळे फोटो धूसर. लाजत द्यायला गेले तर नवरदेवाची आत्या खूश! "एक सुरकुती दिसत न्हाय! पुढच्या लग्नाला तुम्हीच या!"

वीस वर्षं केस न् केस शार्प काढला, तेव्हा कुणी चहासुद्धा विचारला नव्हता!

*

तळा गावचं लग्न. पाठवणीला आम्ही दोघं गाडीच्या एकाच खिडकीशी. आत नवरी, पलीकडच्या काचेबाहेर तिचे वडील, काचेला तळहात लावून. मिलिंदच्या कॅमेऱ्याने नवरीचे डोळे पकडले, वडील धूसर. मी फोकसची रिंग फिरवून वडिलांना घेतलं, नवरी धूसर.

अल्बमात जागा एकाच फोटोला. वडील स्टुडिओत आले तेव्हा आमचं भांडण चालूच होतं.

"नवरीच धूसर? लोक काय म्हणतील?" मिलिंद म्हणाला.

"आणि काचेवरचा तो हात? तुझ्या मशीनला दिसला?"

वडिलांनी मिलिंदचा फोटो उचलला. "ह्यो लावा. माझं तोंड काय बघायचं हाय?"

मिलिंद हसला. माझा नुसता संताप!

आठवड्याने अल्बम न्यायला नवरी आली. त्या पानावर थांबली. मी न राहवून माझा फोटो तिच्यापुढे आपटला. तिने फोटोतल्या वडिलांच्या तळहातावर बोट ठेवलं.

"ताई, बदला. मी धूसर आले तरी चालेल, हा लावा."