वाल्बुर्गाच्या चमच्यावरचा गुलाब

मी उगीच कुणाची तारीफ करणाऱ्यातली नाही. आमच्या नाताळच्या बाजारात तेहतीस वर्षं बदाम भाजतेय, आणि आजूबाजूच्या एकूण एक टपरीवाल्यांशी कधी ना कधी कडाकडा भांडलेय. पण शेजारच्या टपरीतल्या वाल्बुर्गा लाउटनरचं नाव निघालं की माझी जीभ आपोआप नरमते.

अंडं आणि वाइनचं गरम पेय, म्हणजे आमचा पंच, करावा तर तिनेच. बलक आणि साखर फेटायची, दालचिनी-लवंग घालून तापवलेली आमच्याच टेकडीवरच्या द्राक्षांची पांढरी वाइन त्यात बारीक धारेने सोडायची, आणि पातेलं उकळत्या पाण्यावर धरून फेटत राहायचं. आच कमी पडली तर पाणचट, जरा जास्त झाली की दारूतलं आम्लेट. ती नेमकी वेळ ओळखायला वाल्बुर्गा लाकडी चमचा बुडवून वर काढायची आणि त्याच्या पाठीवर हळूच फुंकर घालायची. तिथे गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या वळ्या उमटल्या की पातेलं खाली. आमच्याकडच्या सगळ्याच बायका असं बघतात. पण एक्केचाळीस वर्षांत तिच्या पातेल्यातला पंच एकदाही फाटला नव्हता.

यंदा पहिल्याच शनिवारी फाटला. लोक फिदीफिदी हसले. "काय वाल्बुर्गा, सोबत काटा-चमचा पण देणार का आता?" कुणीतरी ओरडलं. बाजार मंडळाचे प्रमुख ग्राइफसाहेब मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम.

"फ्राऊ लाउटनर, पुढच्या शनिवारी तीनला मी स्वतः येतो," ते म्हणाले. "जमलं तर उत्तमच. नाहीतर तयार पंचाचे डबे आणून गरम करून विका, किंवा जागा सोडा."

"डबे," एवढंच ती पुटपुटली, आणि पातेलं घासायला लागली.

मी तिच्या मागेच लागले. "तुला झालंय तरी काय?"

"गुलाब दिसत नाही गं. जिथे बघते तिथे मधोमध डाग. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहणार."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "मग आधी सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी कीव केली असती. नको मला ती."

"बरं, बोलणारा थर्मामीटर मिळतो म्हणे. तो आणू?"

"पातेल्यापाशी आणखी कुणी बोलणारं नको. तू एकटी पुरेशी आहेस."

मग आठवडाभर रोज ती माझ्या स्वयंपाकघरात. फेटायची ती, बघायची मी, आणि मी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही अशी अट. माझ्यासारखीला ही शिक्षाच की! सोमवारी चार पातेली फाटली, मंगळवारी तीन. बुधवारी ती मधेच म्हणाली, "ऐक. आधी चुबुक चुबुक वाजतं. फेस घट्ट झाला की आवाज जड होतो, आणि मनगटाला ओढ लागते." तिने पातेलं उतरवलं. मी चमच्यावर फुंकर घातली, तर हा टपोरा गुलाब! गुरुवार-शुक्रवार एकही चुकलं नाही.

शनिवारी तीनला ग्राइफसाहेब हजर. मागे बघ्यांची गर्दी. वाल्बुर्गाने फेटायला घेतलं, आणि नेमका तेव्हाच चर्चच्या पायऱ्यांवर आमचा बँड सुरू झाला. अकरा ट्रॉम्बोन! तिने मान तिरकी केली, कान पातेल्याजवळ नेला. चेहरा पांढराफटक. तिला काही ऐकूच येत नव्हतं.

मी बदाम तसेच जळत टाकले आणि धावले. "बंद करा! बंद करा म्हणते ना!" बँडमास्तर पाद्र्यांचे सख्खे भाऊ, पण मी त्यांच्या हातातली काठीच हिसकावली. सूर मधेच तुटला. सगळा बाजार गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागला. आणि त्या शांततेत पायऱ्यांपर्यंत ऐकू आलं: चुबुक, चुबुक, चुबुक. मग आवाज जड झाला.

वाल्बुर्गाने पातेलं खाली उतरवलं, चमचा बुडवला आणि ग्राइफसाहेबांच्या तोंडासमोर धरला.

"फुंकर घाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मला दिसत नाही."

ग्राइफांनी बिचकत फुंकर घातली, वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"गुलाब आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर उतरवलं. बघायचं होतं ते तुम्हाला."

पहिला पेला त्यांनीच घेतला. मी काठी परत द्यायला गेले, म्हटलं आता शिव्या खाव्या लागणार. पण बँडमास्तरांनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागतो तिला एका पातेल्याला?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

आता दर शनिवारी तीन वाजता अकरा माणसं ट्रॉम्बोन ओठांशी धरून, थंडीत कुडकुडत तिच्या टपरीकडे बघत उभी असतात. पातेलं खाली उतरलं की मगच वाजवायला लागतात.