विनूची ओटी

मिरजेच्या घरातून मी निघाले तेव्हा आईने माझी ओटी भरली. लग्नाला महिना झाला होता, यांना बंगळूरला नोकरी लागली होती आणि टांगा दारात उभा होता. आई माझ्या पदरात तांदूळ, खण, नारळ घालत होती आणि तोंडाने सूचना चालूच. "पोचल्या पोचल्या पत्र टाक. परक्या गावात तोंड आवरून राहा सुधे, तुझी जीभ म्हणजे कात्री आहे." मी एका डोळ्याने रडत होते, एका डोळ्याने हसत होते. तेवढ्यात विनू, तू सदऱ्याचा घेर दोन्ही हातांनी पसरून आईपुढे येऊन उभा राहिलास. एकोणीस वर्षांचा घोडा! "माझी पण भर की." मी खो खो हसले. आईने तुझ्या पाठीत धपाटा घातला. "मुलग्यांची ओटी भरतात होय रे? शहाणा कुठला." दादांनी पेपर खाली ठेवला आणि बापाच्या करड्या नजरेने तुझ्याकडे बघत राहिले. मग मी रिवाजाप्रमाणे पदरातले चिमूटभर तांदूळ आईच्या ताटात परत टाकले. माहेर रिकामं होऊ नये म्हणून निघताना लेक तसं करते. तू तेही टक लावून बघत होतास.

इथे चामराजपेटेत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण मराठीच, पण तिचे पूर्वज कुठल्या काळी इकडे आलेले, बोलणं अर्धं कानडी! पहिल्याच सकाळी दार वाजवून म्हणाली, "अक्का, नळाला नीर आलंय, बेगा बेगा भरून घे." मला वाटलं, बाईला झालंय तरी काय. सहा महिने मी तिची नक्कल करून यांना हसवलं. आणि आता माझी लेक माझी नक्कल करते, कारण भाजीवाल्याशीच काय, देवाशी बोलतानाही माझ्या तोंडातून "स्वल्प थांब" आणि "सरी, सरी" निघतं.

यांची नोकरी एका बंद पडलेल्या सूतगिरणीत. गिरणीचं म्युझियम केलं होतं, आणि जुने माग तेल घालून चालते ठेवायचे हे यांचं काम. यांच्या शर्टाला त्या तेलाचा वास येई. अजूनही तो वास आला की मला तो एकच रविवार आठवतो.

तीन वर्षांनी तू आलास. सोबत दादांचं पत्र होतं: "याची इकडची लक्षणं ठीक नाहीत. तिकडे राहून माणूस होईल." खाली आईची एकच ओळ, "त्याच्याकडे लक्ष दे." मी काय लक्ष देणार? तूच माझ्याकडे लक्ष दिलंस. कपड्यांच्या कंपनीतून दमून यायचास आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायचास. माझ्या निऱ्या तू बसवल्यास की घरमालकीण विचारायची, आज कुणाचं लग्न? मी सगळं बघत होते, विनू. बघत होते आणि नाव देत नव्हते. नाव दिलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

मग आईचं दुसरं पत्र आलं. सांगलीची मुलगी, बारावी झालेली, घरकामाला वाघीण. या दिवाळीत उरकून टाकू. तू ते दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "ताई, मला लग्न करायचं नाही. कधीच नाही. रविवारी दुपारी भाओजींच्या म्युझियममध्ये आमच्या मंडळाचा फॅन्सी ड्रेस आहे. तू एकटी ये. बघ. मग आईला काय लिहायचं ते तूच लिही." हॉल यांनीच मिळवून दिला होता, नाटकाचं मंडळ आहे समजून. सकाळी निघताना तू म्हणालास, "येताना खण, तांदूळ, नारळ आण. शेजारी देवीचं देऊळ आहे." मी वेंधळी, खरंच पिशवी भरून गेले.

दारात वॉचमन गंगण्णा. "बन्नी अक्का," म्हणून त्याने मला वाकून आत सोडलं आणि दारातच उभा राहिला. आत मागांच्या दोन रांगांमध्ये खुर्च्या होत्या. तीसेक पुरुष, चार-दोन बायका. बँकेतला वाटावा असा एकजण टिकल्यांच्या साडीत गिरकी घेऊन नाचला. दुसऱ्याने मुरडत अशी काही भाजी विकली की मला हसू आवरेना. प्राइड, ड्रॅग, हे शब्द तेव्हा आमच्या कानावर आले नव्हते. मला एवढंच दिसलं की ही माणसं रस्त्यावर खांदे पाडून चालतात आणि इथे ताठ उभी आहेत.

मग तू आलास. आईचं जांभळं इरकली लुगडं, जे तिने मला दिलं होतं आणि तू "नाटकाला हवंय" म्हणून मागून नेलं होतंस. काष्टा अगदी तिच्यासारखा. तू उंबऱ्यात उभं राहिल्यासारखा उभा राहिलास आणि हात नाचवत सुरू केलंस, "पोचल्या पोचल्या पत्र टाक. परक्या गावात तोंड आवरून राहा." मराठी कळणारे हसले, न कळणारेही हसले, आया सगळ्यांच्या सारख्याच. मग तू एका हाताने पदर पसरलास आणि दुसऱ्या हाताने त्यात काही नसलेलं ओतत राहिलास. हसणं थांबलं.

खेळ संपला आणि सगळे सजलेले एका बाकावर ओळीने बसले. त्यांच्यात एक पद्धत होती. घरचं कुणी आलं असेल तर त्याने उठून आपल्या माणसाची ओटी भरायची. कुणी आलं नसेल तर दोस्तच भरायचे. एक म्हातारी आई उठली, कानडी, केसात मोगरा. तिने त्या टिकल्यांच्या साडीवाल्याची ओटी भरली आणि त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, देऊळबिऊळ काही नाही. तू माझ्याकडे बघत होतास. पदर पसरूनच.

मी उठले नाही. नारळ माझ्या मांडीवर होता आणि गंगण्णा दारात होता. आज मी उठले तर उद्या गिरणीभर होईल, यांची नोकरी, घरमालकीण, मिरज, दादा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. ती म्हातारीच माझ्यापाशी आली. माझ्या मांडीवर बघून म्हणाली, "मडिलक्की अल्वा? कोडी अक्का." इकडे ओटीच्या तांदळाला मडिलक्की म्हणतात. ओटीचंच आहे ना, दे. मी दिलं. तिने माझ्या नारळाने, माझ्या खणाने माझ्या भावाची ओटी भरली आणि मी खुर्चीत बसून बघितलं. मग तू उठून आलास, पदरातले चिमूटभर तांदूळ माझ्या तळहातावर ठेवलेस आणि गेलास.

त्या आठवड्यात मी आईला लिहिलं, "विनूला सध्या रजा नाही." एवढंच. कात्रीसारखी जीभ माझी, कुठे गेली होती कोण जाणे! आईने उलट टपाली कळवलं, मग मुलीकडच्यांना घेऊन आम्हीच येतो.

बुधवारी सकाळी तू बॅग भरलीस. लुगडं घडी करून माझ्या पलंगावर ठेवलंस. मी भाकरी थापत होते. "ताई, येतो," म्हणालास. मी स्वयंपाकघरातूनच "सावकाश जा" म्हटलं. तव्यावरची भाकरी करपेल, हे निमित्त होतं. बाहेर आले असते तर रडले असते, आणि रडले असते तर थांब म्हणाले असते, आणि थांबवून तुला देणार काय होते? मुंबईहून तुझं एक कार्ड आलं, मग दुबईहून एक. पत्ता एकावरही नाही.

आईला एसटीडी बूथवरून सांगितलं, बाहेरची नोकरी लागली, घाईत गेला. दादांचं काही नाही, मुलीचं काही नाही, तिने एकच विचारलं. "निघताना हातावर दही घातलंस ना त्याच्या?"

"हो," मी म्हटलं. आई गेली तीही त्या "हो"वरच.

परवा लेकीने सांगितलं, त्याच म्युझियममध्ये प्राइडचा ड्रॅग शो आहे, तिकीट लावून, सगळं उघड. मी तिच्याबरोबर गेले. पिशवीत खण, तांदूळ, नारळ घेऊन. दारातल्या सिक्युरिटीवाल्या मुलीने पिशवी तपासली. "नारळ आत नेता येणार नाही, मॅडम." मी तिच्याशी भांडले, चांगली तोंड सोडून भांडले. तीस वर्षं उशिरा माझी जीभ सुटली. नारळ तिने टेबलाखाली ठेवला. आत पोरं काय सुंदर नाचली, आणि मी प्रत्येकीच्या रंगाखाली तुझा चेहरा शोधत बसले. तू आता पन्नाशी ओलांडली असशील, वेड्या.

लोक मला विचारतात, घर कुठलं? मिरज म्हणावं तर तिथे कुणी नाही. बंगळूर म्हणावं तर जीभ अडखळते. मी ज्या घरातून निघाले तिथे माझी ओटी भरली होती. तू ज्या घरातून निघालास ते माझं घर होतं, विनू, आणि मी उंबऱ्यापर्यंतही आले नाही. तुझे चिमूटभर तांदूळ देव्हाऱ्यात डबीत आहेत. त्यांना कीड लागलीय, पण मला ते टाकवत नाहीत.