उघड्या फळ्यांवरची पत्रं

रविवार, १६ नोव्हेंबर. सायंकाळी साडेपाच. आमच्या वाचनालयाचं सभागृह, वणी. हजर: पुण्याहून आलेले चार वादक, त्यांत दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, पत्रवाचक म्हणून माझा मोठा भाऊ, वाचनालयाचे अध्यक्ष, खुर्च्या-गाद्या पुरवणारा बिछायतवाला आणि त्याची दोन माणसं, माझी वहिनी, आणि श्रोते एकशे बारा. खुर्च्या नव्वदच होत्या. सचिव म्हणून एवढी नोंद मी त्याच दिवशी वाचनालयाच्या वहीत केली. बाकीचं त्या वहीत लिहिण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहिते.

कार्यक्रम साधा होता. एका जर्मन संगीतकाराने दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली पत्रं आणि त्यानेच रचलेलं संगीत. आधी एक रचना वाजवायची, मग एक पत्र वाचायचं, पुन्हा वाजवायचं. पत्रांचा मराठी अनुवाद हे चौघे सोबत आणतात, पण वाचणारा माणूस प्रत्येक गावात तिथलाच घेतात. नागपूरचा कार्यक्रम करून ते चंद्रपूरला जाणार होते आणि मधला एक दिवस रिकामा होता. तो मी फोनवर मागून घेतला. वाचक कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा क्षणभरही न थांबता मी दादाचं नाव सांगितलं. दादाला विचारलं ते नंतर.

दादा खाणीत ड्रिल चालवायचा. नोकरी संपली तोवर कानही संपत आले होते. त्याच्या आवाजाला मात्र काही झालं नाही. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, ते अठरा वर्षं दादाने केलं. तो वाचायला बसला की बाहेर ऑटोवाला गाडी बंद करून थांबायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने हे काम एकदम सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण मला आणि वहिनीलाच माहीत होतं. वाचन झालं की लोक प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न त्याला ऐकू येत नव्हते. एकदा कुणीतरी काही विचारलं, त्याने भलतंच उत्तर दिलं, आणि मागे दोन बायका हसल्या. त्यानंतर तो विहारातच काय, लग्नांतही जाईना. कानाचं यंत्र आणलं होतं, ते कपाटात डबीसकट पडून होतं.

त्याच्या उजव्या कानाशी सावकाश बोललं की त्याला कळतं. तसं बोलून मी विचारलं. पत्रांची फाईल त्याच्यासमोर ठेवली. दोन दिवसांनी त्याने ती परत आणून दिली. पाचव्या पत्राच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पत्रात संगीतकाराने आपल्या डॉक्टर मित्राला कळवलं आहे, की माणसांत जाणं टाळतो, कारण मला ऐकू येत नाही हे त्यांना सांगू कसं?

"वाचतो मी," दादा म्हणाला. "पन एक आहे. मले कोनी हात दाखवायचा नाही, ढोसायचं नाही. तसं झालं त मी तिथूनच घरी चाललो जाईन."

आता अडचण अशी, की वादक मागे बसणार आणि वाचक पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. शेवटपर्यंत टाळ्या वाजवू नका अशी विनंती आम्ही करणार होतो. मग वाजवणं थांबलं हे दादाला कळणार कसं? वळून पाहिलं की सगळ्यांना समजलंच. मी वहीत लिहिलं, 'दादाला कळण्याची सोय', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या यादीत प्रश्नचिन्ह सहसा नसतं.

सोय केली ती चेलो वाजवणाऱ्या बाईंनी. त्या पस्तिशीच्या असतील. रविवारी सकाळी गाडी आली, तेव्हा त्यांची ती माणसाएवढी पेटी उतरवताना बिछायतवाला म्हणाला, "ताई, यात फ्रीज आहे का जी?" बाई म्हणाल्या, "हो, पण थंड काही निघत नाही." त्यांची आणि आमच्या गावाची ओळख तिथेच झाली. मी त्यांना बाजूला घेऊन दादाचं सांगितलं. त्यांनी चेहरा पाडला नाही. एवढंच विचारलं, रंगमंच सिमेंटचा आहे की लाकडाचा? आमचा लोखंडी पायांवर लाकडी फळ्यांचा आहे.

चेलोला खाली लोखंडी टोक असतं आणि ते जमिनीवर टेकवून वाजवतात. दुपारच्या तालमीत बाईंनी ते टोक दादाच्या खुर्चीजवळच्या फळीवर टेकवलं आणि त्याला चपला काढून पाय फळीवर ठेवायला सांगितलं. मग सगळ्यात जाड तारेवर गज फिरवला. दादाने आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बार लागल्यावानी येते," तो म्हणाला.

खाणीत सुरुंगाला बार म्हणतात. किती बार भरले आणि किती फुटले हे मोजावं लागतं. फुटलेल्यांत एक कमी आला तर पुढे जाता येत नाही. दादा ते बुटांच्या तळव्यांनी मोजायचा. त्यामुळे त्याला शिकवायला वेळ लागला नाही. रचनेच्या मध्येच दोन ठिकाणी चौघे क्षणभर थांबायचे, म्हणून फळी थांबली की त्याने चार मोजायचे. चारनंतरही फळी शांत असली, तर वाचायचं. तालमीत तो एकदाही चुकला नाही. मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि सगळ्यांना जेवायला दादाच्या घरी नेलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. व्हिओलावाल्याने ठेचा दोनदा मागितला आणि नंतर पाण्याचा तांब्याच जवळ ओढून घेतला.

चूक माझी झाली, ती अशी. प्रत्येक कार्यक्रमाची यादी मी मागच्या कार्यक्रमाच्या यादीवरून उतरवते. नावं बदलते, तारीख बदलते. गाणं असो, भजन असो, कव्वाली असो, आमच्याकडे गाण्याचा रंगमंच म्हणजे सतरंजी, त्यावर गाद्या, त्यावर पांढरी चादर, कडेला लोड. यादीत हे तीन नंबरला असतं, 'नेहमीप्रमाणे' असं लिहून. या वेळी मी फक्त 'खुर्च्या पाच' एवढं जोडलं. आम्ही जेवत असताना बिछायतवाल्याने तीन नंबर चोख पार पाडला.

सव्वापाचला आम्ही परतलो, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. रंगमंच मी पाहिला आणि मला बरं वाटलं. चादरीला एक सुरकुती नव्हती. मला एवढंच दिसलं.

दीप लावला, स्वागत झालं. अध्यक्ष पेशाने वकील आणि शरीराने भरदार. ते कडेच्या गादीवर लोडाला टेकून बसले. दादाने चपला काढल्या, खुर्चीवर बसला, पायांकडे एकदा पाहिलं. घाबरला असेल, असं मला वाटलं. चौघांनी वाजवायला सुरुवात केली. पहिली रचना लहान होती. ती संपली. गज खाली आले. सांगितल्याप्रमाणे कुणी टाळी वाजवली नाही.

दादा वाचेना.

मी चार मोजले. दहा मोजले. त्याचे डोळे कागदावर होते आणि कागद धरलेला अंगठा पांढरा पडला होता. मागे कुणीतरी खोकललं. दादाची बोटं चादरीवर हलताना मला दिसली, पायांची बोटं, काहीतरी चाचपडत असल्यासारखी. तेव्हा मला तीन नंबर आठवला. गादीतून त्याला काही पोचलंच नव्हतं, अगदी पहिल्या सुरापासून. आणि तोंड उघडून तो तसं सांगणार नव्हता.

हात दाखवायचा नाही असा शब्द मी दिला होता. म्हणून मी सरळ माईकपाशी गेले आणि म्हणाले, की मांडणीत माझ्याकडून चूक झाली आहे, हे वाद्य गादीवर वाजत नाही, पाच मिनिटं द्या. खरं तर ते वाजत होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. पण चेलोवाल्या बाईंनी लगेच मान हलवली आणि माईक मागून घेतला. म्हणाल्या, "माझं टोक रुततंय. मी अशी वाजवूच शकत नाही." त्यांना हे कुणी सुचवलं नव्हतं.

बिछायतवाला खालून म्हणाला, "ताई, तुमच्याच यादीत आहे, तीन नंबरले."

"हो. आता तोच काढायचा आहे."

अध्यक्ष अजून बसलेलेच. "म्हंजे मलेही उठा लागते?"

"वकीलसाहेब, तुम्ही उठल्याशिवाय गादी निघत नाही."

सभागृह हसलं आणि सगळ्यात मोठ्याने अध्यक्ष हसले. लोड काखेत मारून ते खाली उतरले. मग लोकच पुढे आले. गाद्या डोक्यांवरून हातोहात मागे गेल्या, आणि ज्यांना खुर्च्या मिळाल्या नव्हत्या ते त्यांवर बसले. यादीत चुकलेली बावीस माणसांची सोयही त्यात झाली. त्या गडबडीत दादाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने पाय उघड्या फळीवर ठेवले आणि एक टाच हळूच दोनदा आपटली. बाईंनी जाड तारेवर गज एकदा फिरवला, सूर पाहतात तसा.

पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. ते थांबल्यावर बरोबर चार मोजून दादाने वाचायला सुरुवात केली. पहिली पत्रं घरमालकाच्या, नोकरांच्या, पैसे न पाठवणाऱ्या प्रकाशकांच्या तक्रारींची आहेत, त्यांवर लोक खुदखुदले. ते हसणं दादाला दिसलं. त्याने थांबून ते संपू दिलं. पाचवं पत्र त्याने कागद खाली ठेवून वाचलं. पाठच होतं. तीन वर्षांनी तो आवाज ऐकताना मी वही बंद केली होती.

कार्यक्रम संपल्यावर विहारातले एक म्हातारे रंगमंचाच्या कडेला आले आणि दादाला काहीतरी विचारू लागले. मी मध्ये पडायला निघाले. वहिनीने माझा पदर धरला. दादा खाली वाकला, उजवा कान त्यांच्याकडे केला आणि म्हणाला, "जोरानं बोला, बुवा. मले ऐकू येत नाही."

म्हाताऱ्यांनी जोराने विचारलं. पुढच्या वर्षावासात तू वाचशील का, एवढंच विचारायचं होतं. दादा म्हणाला, पाहू.

त्या दिवसाचे आभार मी दुसऱ्या दिवशीच यादी करून मानले. चौघांना, अध्यक्षांना. बिछायतवाल्याकडे तर स्वतः गेले. त्याने चहा पाजला आणि तीन नंबरवरून दोनदा चिडवलं. गाद्या वाहणाऱ्यांपैकी जे आठवले त्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं. यादीचा नमुनाही बदलला. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द आता त्यात कुठेच नाही.

एक काम राहिलं आहे. निघताना चेलोवाल्या बाईंनी दादाला विचारलं होतं, की पायांना नेमकं काय काय कळलं, ते मला सांगाल का? मी कानाने ऐकते, मला ते कळणार नाही, असं त्या म्हणाल्या. दादा गडबडला आणि म्हणाला, लिहून कळवतो. मी पाकीट आणलं, पत्ता घातला, तिकीट लावलं. आज जानेवारी संपत आला. कागद त्याच्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली आहे. त्यावर तारीख आहे, 'सप्रेम जय भीम' आहे, आणि पुढे एक ओळ आहे, दोनदा खोडलेली. मला लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण यादीत त्या कामापुढे 'दादा' असं लिहिलं आहे, आणि खूण करायची जागा मोकळी आहे.