सुरुंगाआधीची हाक

काशिनाथ फर्डे यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. आटगावजवळच्या दगडखाणीत वजनकाट्यावर मी नोकरीला लागलो, त्या सकाळी दगड फोडणाऱ्या क्रशरपासून थेट हायवेपर्यंत डंपरची रांग लागली होती आणि धुळीने पांढरा झालेला एक उंच माणूस त्या रांगेतून, एकेका केबिनच्या दाराशी थांबत, पुढे चालला होता. मला वाटलं, कोणी ड्रायव्हर ओळखीपाळखीच्यांशी गप्पा मारत फिरतोय. काट्यावरचा जुना माणूस म्हणाला, "ते आपले मॅनेजर." मॅनेजर म्हणजे ऑफिसात पंख्याखाली बसणारा, अशी माझी, आसनगावात वाढलेल्या पोराची, समजूत. अण्णा मात्र प्रत्येक ड्रायव्हरला एवढंच विचारत होते, "कुठली खडी न्यायचीय, आनि घरून कवा निघालास?"

त्या साध्या प्रश्नातून पुढे सगळं उभं राहिलं. बारीक खडी न्यायला आलेला माणूस जाड खडीवाल्याच्या मागे ताटकळतो, आणि मुंबईत अवजड गाड्यांना ज्या वेळी मज्जाव असतो नेमक्या त्याच वेळी आपण गाड्या भरून सोडतो, हे अण्णांनी रांगेत हिंडून शोधलं. मग त्यांनी खडीचे ढीग वेगळे केले, प्रत्येक ढिगाला स्वतःची वाट दिली, रिकाम्या गाड्यांना एका बाजूने घेतलं आणि भरलेल्या दुसऱ्या बाजूने काढल्या. गाडीवाल्यांना नंबर फोनवर मिळू लागला. पुढे शहरातल्या कंपन्यांची माणसं 'सप्लाय चेन' हा शब्द घेऊन आमच्याकडे शिकायला आली. अण्णा त्याला 'खडीची वाट' म्हणतात. खाणीत भोक पाडण्यापासून गिऱ्हाइकाच्या दारात खडी पडेपर्यंत ती एकच वाट आहे आणि ती कुठेही तुंबली तर दोष ड्रायव्हरचा धरू नये, असं ते सांगतात. हे सांगून झालं की खाली बसतात. आडनाव फर्डे, पण भाषणाच्या नावाने शून्य.

अण्णांची शिस्त कोरडी नव्हती. एकदा आमच्या एका ड्रायव्हरला डुलकी लागली आणि भरलेला डंपर भाताच्या खाचरात उतरला. मालक तापले, त्याला काढून टाका म्हणाले. अण्णांनी आठवड्याभरात काट्याच्या मागे पत्र्याची शेड बांधली आणि तिच्यात खाटा टाकल्या. मालकांनी हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "झोपलेला ड्रायव्हर खाटेवर परवडतो, स्टेअरिंगवर नाय परवडत." तो ड्रायव्हर नोकरीवर राहिला आणि पुढे त्यानेच नव्या पोरांना गाडी शिकवली.

क्रशरचा जबडा मोडला की सगळी खाण हात बांधून बसायची, कारण सुटा भाग लांबून यायचा. आजूबाजूच्या खाणवाल्यांची हीच रड होती, पण एकमेकांचं तोंड पाहायची तयारी नाही. अण्णांनी त्या सगळ्यांना भाकरी आणि सुक्या मासळीच्या कालवणावर आपल्या घरी बोलावलं आणि सुटे भाग सामाईक ठेवायचं ठरवूनच उठू दिलं. त्या दिवशी अण्णांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, केलेल्या कालवणाची आठवण मालक मंडळी अजून काढतात. ठरलेलं मात्र दोन मालक पुढच्याच हंगामात विसरले, आणि अण्णांनी त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं.

अण्णांचं एक वाक्य आम्हा शिष्यांना तोंडपाठ आहे: "मानूस नसला म्हनून काम थांबता कामा नये." स्वतःच्या आईचे दिवस करून ते परत आले, तेव्हा त्यांच्यामागे एकही गाडी उशिरा सुटली नव्हती. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलावली. त्या समाधानाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आता त्याची थोडी भीती वाटते, आणि ती का वाटते तेच पुढे लिहिणार आहे.

पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असलं लिहीत नाहीत हे मला कळतं. पण लेख लिहितोय असं सांगायला गेलो, तेव्हा अण्णा ओटीवर लसूण सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "झऱ्याचं लिव. नायतर लिवूच नको." त्यामुळे माझा नाइलाज आहे.

आटगावची खाण ज्या डोंगरात होती त्याच्या पलीकडच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी होती. वाडीचं पिण्याचं पाणी म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा झरा. दुपारी सुरुंग उडवण्याआधी आमचा सुरुंगवाला टेकाडावर चढून लांब हाक द्यायचा. "सुरुंऽऽग!" मग वाडीतून उत्तर यायचं. पोरंबाळं, शेरडं सगळी आडोशाला आहेत हे पाहून सोमीबाय नावाची बाई तिकडच्या उंचवट्यावरून "होऽऽ" म्हणायची. तिचं 'हो' आल्याशिवाय वात पेटवायची नाही, ही खाणीची जुनी रीत. कधी एखादं पोर लाकडांना गेलेलं असायचं, कधी कोणी बाळंतीण अडलेली असायची. तेव्हा उत्तर यायचं, "थांऽऽबा!" आणि सगळे थांबायचे. सुरुंगवाला बिडी ओढायचा, पोकलेनवाला डोळे मिटायचा, डंपर जागच्या जागी उभे राहायचे.

खडीची वाट तुंबायची ती नेमकी इथेच. अण्णांनी दुपारची ठरावीक वेळ नेमली आणि विजेचा भोंगा बसवला. नियमालाही भोंगा हवाच होता, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. भोंगा वाजला की वाडीने आडोशाला जायचं, वाजायचा थांबला की सुरुंग. दुपारचा खोळंबा संपला. बाकीच्या खाणींनीही तेच उचललं, आणि 'फर्डेसाहेबांची पद्धत' म्हणून त्याचं नाव झालं. वाडीतही कोणाला इजा झाली नाही, हे मला इथे मुद्दाम सांगितलं पाहिजे. भोंगा त्याचं काम चोख करत होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सोमीबाय ऑफिसात आली. आत यायला तयार नव्हती, दारातच उभी राहून बोलली.

"अन्ना, झऱ्याचं पानी गेलं."

"गेलं म्हंजे?"

"पयलं गढूळ आलं. मंग बारीक झालं. आता नायच. तुमी झऱ्याच्या अंगाला सुरुंग लावलं तवापासून. मी रोज टेकरावर उभी राहून थांबा थांबा बोलते. तुमचा भोंगा माझ्यापेक्षा मोठ्यान् बोंबलतो. मानूस असता त ऐकलं असतं त्यान्."

अण्णा तसेच उठले आणि तिच्याबरोबर चालत गेले. मीही मागोमाग गेलो. झऱ्याच्या जागी खडकाला एक चीर गेलेली होती आणि पाणी तिच्यातून खाली, कोणाच्याही हाती लागणार नाही अशा ठिकाणी उतरलं होतं. अण्णांनी चिरेत हात घालून पाहिला. हात ओला झाला नाही. त्या रणरणत्या उन्हात ते किती तरी वेळ उकिडवे बसून राहिले, आणि त्यांना उठा म्हणायचं धैर्य आम्हा दोघांनाही झालं नाही.

त्या बाजूचे सुरुंग त्यांनी त्याच दिवशी बंद केले. स्वतःच्या शेतातल्या विहिरीवरून वाडीपर्यंत पाइप टाकला. पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. विहीर ऐन उन्हाळ्यात तळ गाठायची. माणसं एकेक करून वाडीतून उठली, कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी रस्त्याच्या कडेला झोपड्या बांधल्या. सोमीबाय मुरबाडकडे, धसईच्या पुढे दिलेल्या लेकीकडे निघून गेली. अण्णांचा त्यानंतरही ठिकठिकाणी सत्कार झाला. प्रत्येक वेळी शाल खांद्यावर पडली की ते मला हळूच म्हणायचे, "जिला शाल द्यायची ती पान्यासाठी गाव सोडून गेली रे." मी काही तरी समजुतीचं बोलायचो. त्या माणसाला समजुतीचा कधीच उपयोग झाला नाही.

आता अलीकडची हकिकत. आमच्या मालकांनी धसईच्या बाजूला नवी खाण घेतली आहे. मी तिथे मॅनेजर आहे आणि अण्णा सल्लागार. डोंगराच्या पूर्वेकडचा दगड उत्तम, काळा आणि टणक, शिवाय क्रशरच्या अगदी जवळ. अण्णांच्याच हिशोबाने काम तिथूनच सुरू व्हायला हवं. जागा पाहायला आलो, तेव्हा त्याच अंगाच्या पायथ्याच्या झऱ्यावरून बायका भरलेले हंडे घेऊन वर येत होत्या. शेवटचा हंडा वर येईपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत. पुढे मालकांनी पंचाहत्तरीनिमित्त काय हवं असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "भोंगा असू दे. पन त्याच्या आधी हाक द्या. आनि उत्तर येईतो थांबा."

पहिल्या दुपारी आमच्या सुरुंगवाल्याने लाजत लाजत हाक दिली. तिकडून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा दिली. डंपरची रांग वाढू लागली, मालकांचा फोन आला, ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे बघू लागले. उभी गाडी पाहिली की ज्यांच्या कपाळाची शीर उडायची, ते अण्णा एका दगडावर शांत बसून होते.

"अण्णा, उत्तर द्यायचं असतं हे तिथे कोणाला ठाऊक तरी आहे का?"

"नसंल ठाव. मंग जाऊन सांग."

मी खाली पायथ्याच्या वाडीत गेलो. एका कुडाच्या सावलीत सोमीबाय बसली होती. लेकीचं गाव ते हेच, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी आम्ही सुरुंग लावलाच नाही. दुसऱ्या दुपारी हाक गेली आणि पायथ्याकडून, पहिल्यापेक्षा बारीक झालेल्या पण ओळखू येणाऱ्या आवाजात उत्तर आलं.

"थांऽऽबा!"

अण्णांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे. मी खाली जाऊन विचारलं, "बाय, कुठवर थांबायचं?" ती म्हणाली, "पानी हाय तवर."

तेव्हापासून पूर्वेचं अंग तसंच आहे. आम्ही पश्चिमेकडून काम करतो; पूर्वेकडे मात्र रोज दुपारी हाक देतो आणि रोज 'थांबा' हेच उत्तर येतं. दगड हलका, फेरा लांबचा, आणि अण्णांनी ज्या रांगा आयुष्यभर मोडल्या त्या आमच्या फाटकाशी पुन्हा लागतात. अण्णा रोज दुपारी येऊन आपल्या दगडावर बसतात. आताचे मालक त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे तोंडावर बोलत नाहीत. परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा आहेत तोवर राहू दे. पुढचं पुढे बघू."

ते 'तोवर' मला सुखाने जेवू देत नाही. माणूस नसला म्हणून काम थांबता कामा नये, हे अण्णांनी आम्हाला इतकं पक्कं शिकवलं आहे, की त्यांच्यामागे ते खरोखरच थांबणार नाही. मालकांपुढे एकट्याने उभं राहण्याइतकं माझं वजन नाही. अशा समारंभात शंभर वर्षांच्या शुभेच्छा रीत म्हणून दिल्या जातात. मी त्या पायथ्याशी हंडे भरणाऱ्या बायांसाठी, काकुळतीला येऊन मागतो आहे. अण्णांचे गुडघे शाबूत राहोत, त्यांना ती चढण चढता येवो, दुपारी त्या दगडावर त्यांची जागा कधी रिकामी न दिसो.

हल्ली 'थांबा' म्हणून झालं की सोमीबाय खालून आणखी एक हाक देते, "अन्ना हाय ना रे?" मी वरून ओरडून सांगतो, "हाय गो बाय, हाय!" हे उत्तर मला पुष्कळ वर्षं देता येवो.