गादी नसलेला राजपुत्र

चाकणला आमच्या कंपनीत मशीन बसवायला एक इटालियन आला होता. राजघराण्यातला आहे असं कळल्यावर आम्ही त्याला फेटा बांधला. तो फेट्यासकट मशीनखाली शिरला.

जेवताना मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "राज्य कुठंय?"

"पणजोबांच्या वेळीच गेलं. पण गादीवर हक्क कुणाचा, यावरून चुलतभावाशी माझं बोलणं नाही."

एकदम घरचाच वाटला, राव! आमचेही बैल कधीच विकले, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या. तरी पोळ्याच्या मिरवणुकीत पुढं कुणाचे बैल, यावरून भावकीत अबोला आहे. त्याला तसं सांगितलं.

डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "मग पुढं कुणाचे?"

"आमचेच! थोरली पाती आमची."

मागच्या टेबलावर जेवणारा माझा चुलतभाऊ कित्येक वर्षांनी माझ्याशी बोलला, "पाहुण्याला तरी खरं सांग की!"