मी सांगेन तेवढंच

समोरच्याचं वाक्य मध्येच पकडून आपणच पूर्ण करायचं, ही मला लहानपणापासूनची वाईट सवय. आई म्हणायची, "त्याचा तोंड तरी बंद होवंदे गो!" पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. अशा मुलीने खरं तर रायटर व्हायच्या फंदात पडूच नये. पण दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सेमिस्टरला माझे समाजसेवेचे तास भरायचे राहिले होते, आणि माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात नोटीस लागली होती की अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा. लेखनिक हा शब्द फक्त नोटिशीत. बाकी सगळे रायटरच म्हणतात. तो उत्तर सांगणार, आपण पेपरात लिहायचं. अट एकच, रायटर त्याच्याहून खालच्या वर्गातला हवा. मला वाटलं, बसून लिहायचं काम, त्यात काय मोठंसं.

जानेवारीत लायब्ररीच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही पहिल्यांदा भेटलो. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच तो म्हणाला, "लालबाग?"

मी दचकले. "कसं कळलं?"

"मिरची आणि धणे. मसाल्याच्या दुकानांमागे राहतेस."

खरंच होतं. आमची खोली मसाला कुटणाऱ्या डंकांच्या मागच्या गल्लीत. तो वास आमच्या कपड्यांतून, केसांतून, वह्यांतूनसुद्धा वर्षभर जात नाही. पण अनोळखी माणसाने तो असा ओळखावा, याचा मला रागच आला.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. नायगावच्या चाळीतलं बौद्ध घर, आई परळच्या एका हॉस्पिटलात आया. पदवीचे सगळे पेपर सुटले होते, एक इतिहासाचा तेवढा राहिला होता. दोनदा केटी लागली होती. एका वेळी रायटर आलाच नाही, दुसऱ्या वेळी आला त्याने निम्मं आपल्या मनाने लिहिलं. "दोन्ही वेळेला मी नापास नाही झालो, रायटर झाले," तो म्हणाला. या वेळी तसं होऊन चालणार नव्हतं. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची जागा त्याच्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती. पदवी हातात नसेल तर ती दुसऱ्याला जाणार.

"म्हणून आधीच सांगतो," तो म्हणाला, "मी सांगेन तेवढंच लिहायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी चुकलो तर चूकच लिहायची."

"चूक दिसत असताना?"

"पेपर माझा आहे ना?"

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

सरावासाठी आम्हाला चौथ्या मजल्यावरची भूगोलाची जुनी खोली मिळाली. तिथे आता तास होत नव्हते. भिंतीला गुंडाळलेले नकाशे टेकवलेले आणि मागच्या कोपऱ्यात मोडकी बाकं एकावर एक रचलेली. दुपारी मी आधी त्याला नोट्स वाचून दाखवायची, मग तो उत्तर सांगायचा आणि मी लिहायची. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, एकसारखा. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं त्याच आवाजात. खोलीत शिरल्यावर तो दर वेळी विचारायचा, "कोण कोण आहे?"

"आपण दोघंच."

"आणि कोपऱ्यात?"

"मोडकी बाकं आहेत."

"बरं," असं म्हणून तो बसायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "रोज काय विचारतोस रे? बाकं काय चालत येतात?" तो हसला नाही. "कोणी गप्प बसलेलं असलं की खोलीचा आवाज बदलतो," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून मी कोपऱ्याकडे पाठ करून बसायचं सोडलं.

एक धडा मुंबईतल्या कापडगिरण्यांवर होता. तो वाचताना मी कौतुकाने सांगितलं की माझे आजोबा साचाखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. गिरणीत त्या खात्याची केवढी ऐट! तो "हं" म्हणाला आणि पान उलटायला सांगितलं. मला वाटलं, याला कशाचं कौतुकच नाही.

फेब्रुवारी संपता संपता मला त्याचा आवाज घरी ऐकू यायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, दिवसभर तेच ऐकतेय, कानात राहिला असेल. मी कांदा चिरत होते आणि शेजारी बसून सांगावं तसा आवाज आला, 'कांदा चिरायला घेतला. पूर्णविराम.' मला हसू आलं. मैत्रिणीला सांगितलं, तीही हसली, "चांगलंय, आता तुझी डायरी लिहून होईल." मग रोजच व्हायला लागलं. बसमध्ये, जिन्यात, कपडे वाळत घालताना. मार्चमध्ये मसाल्याचा हंगाम सुरू झाला, दुकानांपुढे लाल मिरच्यांचे ढीग पडले, डंक दिवसभर धाडधाड चालू लागले. त्या आवाजात आमच्या घरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तो आवाज मात्र स्पष्ट यायचा.

एका संध्याकाळी मी अभ्यासाला बसले होते. आवाज म्हणाला, 'आई दार उघडते. हातात पिशवी आहे. पूर्णविराम.' मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मी पाच-सहा श्वास मोजले असतील, आणि आई दार उघडून पिशवी घेऊन आत आली.

मी घाबरले.

आईच्या लक्षात आलंच होतं. "कोणाशी बडबडतंस गो एकटी?" तिने विचारलं. मी बडबडत होते हे मला माहीतच नव्हतं. तिने माझ्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मग मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या तर ठसका लागला नाही. साऱ्या गल्लीत मिरचीने लोक खोकत होते आणि आमच्या घरात जळलेल्या मिरचीचा ठसका नाही! दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "ता लिवायचा काम सोड."

सोडणार कसं? महिन्यावर पेपर आला होता. दोन रायटरांनी त्याला बुडवलं होतं, तिसरी मी होणार नव्हते. मी त्याला यातलं काहीच सांगितलं नाही. वेड लागलंय समजून त्याने दुसरी शोधली असती.

पेपर एप्रिलमध्ये झाला. आम्हाला तीच भूगोलाची खोली दिली होती, कारण सांगून लिहायचं म्हणजे इतर मुलांमध्ये बसता येत नाही. सुपरवायझर मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या आणि आमचं बाक त्यांच्याकडे तोंड करून होतं, त्यामुळे कोपरा माझ्या पाठीशी आला. तो आत आला, नेहमीसारखं विचारलं, "कोण कोण आहे?" मी सांगितलं, मॅडम आणि आपण. तो क्षणभर थांबला. या वेळी त्याने कोपऱ्याचं विचारलं नाही.

पहिले तीन प्रश्न सुरळीत गेले. चौथा गिरणी कामगारांच्या जीवनावर होता, सगळ्यांत जास्त मार्कांचा. मी प्रश्न वाचला, त्याने दोन वाक्यं सांगितली, मी लिहिली. मग तो थांबला असावा. 'असावा' म्हणते, कारण मला ते कळलंच नाही. आवाज चालू होता. फक्त तो माझ्या उजवीकडून येत नव्हता, मागून, बाकांच्या कोपऱ्यातून येत होता. तोच आवाज, तीच पट्टी, तेच पूर्णविराम. मी मान वर न करता लिहीत गेले. एक पान भरलं, दुसरं अर्धं झालं.

"तू काय लिहितेयस?"

हा आवाज उजवीकडून आला. मी थांबले.

"तू सांगतोयस ते."

"मी केव्हाचा गप्प आहे," तो हळू म्हणाला. "आठवत नाहीये, आठवून बघतोय. आणि तुझं पेन चालूच आहे. वाच."

मी वाचलं. वाचताना माझ्याच अक्षराची मला भीती वाटत होती.

'साचाखात्यात आम्हाला घेत नसत. विणायच्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे. पाण्याचं पिंपही त्यांचंच होतं. मी घरून पितळेच्या तांब्यात पाणी नेत असे. एकदा तो तांब्या कोणीतरी पायाने कलंडवला. त्या दिवशी पाळी संपेपर्यंत मी तहानलेला राहिलो. कोणी कलंडवला ते मी पाहिलं होतं. पण बोललो नाही.'

नोट्समध्ये धाग्याबद्दल एक ओळ होती. तांब्या कुठेच नव्हता.

त्याचे हात बाकावर होते. बोटं पांढरी पडली होती. "तांब्याचं तुला कोणी सांगितलं?"

"तू."

"मी कोणालाच सांगितलेलं नाही. ते आमच्या आजोबांचं आहे."

"तिकडे फक्त उत्तर सांगायचं, गप्पा नकोत," मॅडम खिडकीजवळून म्हणाल्या.

तो माझ्याकडे झुकला. "काट मार. सगळ्यावर."

"अरे, पण हे इतकं चांगलं उतरलंय. आणि तुला पुढचं आठवत नाहीये—"

"मी सांगेन तेवढंच, असं ठरलं होतं. आमच्या घरातला तांब्या तपासणाऱ्यापुढे ठेवायला मी आलेलो नाही. काट मार."

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, हा हट्टी आहे, याचं नुकसान होतंय आणि ते मला कळतंय, याला कळत नाही. मागे टोपण लावलेलं पेन मी उलटं धरलं आणि त्याच्या मागच्या टोकाने दोन्ही पानांवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघा ओढल्या. चांगल्या दाबून, आवाज होईल अशा. कागदावर काहीच उमटलं नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"झालं?"

"झालं."

मग त्याला नोट्समधलं जेवढं आठवलं तेवढं त्याने सांगितलं. कोरडं, सात-आठ ओळी. त्या मी खाली लिहिल्या. जिना उतरताना तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला. माझे स्वतःचे पेपर झाले, कसेबसे. घरात फक्त डंक ऐकू यायचे. मी सुटले म्हणून आईने देवाला नारळ दिला.

मे संपता संपता त्याचा निकाल लागला. तो पास झाला. मार्कशीट घ्यायला आला तेव्हा त्याने मला फोन करून कॉलेजच्या फाटकाशी बोलावलं. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. नोकरी पक्की झाली होती. घरातला पहिला पदवीधर. नायगावला सगळ्या मजल्याने पेढे वाटले, हे सांगताना तो चक्क हसला. मीही खूश, जरा जास्तच. त्याला ऑफिसच्या बढतीची पुढची परीक्षाही द्यायची होती, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "मग आपण सराव कधी सुरू करायचा?"

"दुसरी रायटर बघितलीय."

पेढा माझ्या तोंडात होता. उरलेला तुकडा हातातच राहिला.

"शाई लागते तेव्हा पेन कागदाला जरा धरतं," तो म्हणाला. "उलटं पेन नुसतं घसरतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांची पेनं ऐकतोय गं. मला तेव्हाच कळलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मला नोकरी हवी होती." त्याने पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. "आजोबाही पाहून गप्पच बसले होते ना. मग मीही बसलो. तुला दोष देत नाही. पण तुझ्या हातात पेन पुन्हा देणार नाही."

मी सॉरी म्हटलं. किती पोकळ वाटला तो शब्द.

जाता जाता तो वळला. "एक सांग. ते तू कोणाच्या आवाजात ऐकलंस?"

"तुझ्याच."

त्याने काठीवरची पकड बदलली. "मी जन्मायच्या आधीच ते गेले. पण आई म्हणते, अंधारात मी हाक मारली की तिला सासऱ्यांनीच हाक मारली असं वाटतं." एवढं बोलून तो काठी टेकत बसस्टॉपकडे निघून गेला.

घरी आले तेव्हा आई नवा मसाला बरणीत भरत होती. भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो, पांढरी टोपी, ऐटीत बसलेले. मी पेढ्याचा तुकडा आईच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "आजोबा साचाखात्यातच होते ना, पहिल्यापासून?"

"होते की. कित्याक गो?"

मला पुढे पिंपाचं विचारायचं होतं, तांब्याचं विचारायचं होतं. तो पाय कोणाचा, हे आईला ठाऊक असणं शक्य नव्हतं, तरी विचारायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करणारी मी, पुढचं कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघत होते. आई बरणी धरून माझ्याकडे बघत होती. कोणीच काही सांगितलं नाही.